लॉजमधलं पदग्रहण
मेसन बंधूंनो, मुंबईच्या फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलमधून पदग्रहणाचं आमंत्रण आलं, तर जाच! मावळता मास्टर नव्याला राजा सॉलोमनच्या नावाच्या खुर्चीत बसवतो. तेवढा विधी मास्टरपद भूषवलेल्यांसमोरच, बाकीचे दाराबाहेर. मग एकेका पदाधिकाऱ्याच्या गळ्यात पट्टा आणि चिन्ह. मास्टरला गुण्या, सीनियर वॉर्डनला लेव्हल, ज्युनियर वॉर्डनला ओळंबा. सगळी गवंड्याची अवजारं! खजिनदाराला किल्ली.

मला सगळ्यात भावतं ते म्हणजे एकत्र मांडलेले गीता, कुराण, बायबल, अवेस्ता. हे इथे सहज घडलं नाही. मुंबईतल्या लॉजचं दार भारतीयांसाठी बंद होतं, म्हणून मुंबईच्या माणकजी कर्सेटजींना दीक्षा पॅरिसमध्ये घ्यावी लागली. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज काढलं, तेव्हा कुठे मुंबईत भारतीयांसाठी दार उघडलं.