पोटाच्या तातडीच्या ऑपरेशननंतर महागडं ‘व्हॅक्यूम ड्रेसिंग’ खरंच गरजेचं असतं का?

अपेंडिक्स फुटलं किंवा आतड्याला छिद्र पडलं की कधीकधी पोट उघडून तातडीनं ऑपरेशन करावं लागतं. ऑपरेशन नीट पार पडतं. पण काही दिवसांनी टाक्यांची जागा लाल होते, पू येऊ लागतो. हॉस्पिटलमधला मुक्काम वाढतो आणि बिलही.

हा संसर्ग टाळण्यासाठी काही ठिकाणी साध्या पट्टीऐवजी ‘निगेटिव्ह प्रेशर’ म्हणजेच व्हॅक्यूम ड्रेसिंग लावतात. ते बरंच महाग असतं. मग त्याचा फायदा किती?

हे ड्रेसिंग काम कसं करतं?

टाक्यांवर फोम किंवा स्राव शोषणारी पट्टी ठेवून ती हवाबंद चिकट आवरणानं झाकतात. नळीनं जोडलेला छोटा पंप आतली हवा ओढत राहतो. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ८० ते १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी राहतो. जखमेतला स्राव साचू नये, कडा जुळून राहाव्यात आणि बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू.

जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ मध्ये, संसर्गाचा धोका जास्त असेल तर टाके घातलेल्या जखमेवर हे ड्रेसिंग वापरण्याचा विचार करावा, असं सुचवलं होतं. मात्र त्यामागचे पुरावे भक्कम नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट केलं होतं.

मग चाचणीत काय दिसलं?

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तातडीनं पोटाचं ऑपरेशन झालेल्या ८४० रुग्णांवर ‘सनराईज’ ही चाचणी झाली. निष्कर्ष २०२५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ३० दिवसांत व्हॅक्यूम ड्रेसिंगच्या गटात २८.३ टक्के, तर इतर ड्रेसिंगच्या गटात २७.४ टक्के रुग्णांना जखमेचा संसर्ग झाला. म्हणजे फरक जवळपास शून्य.

असं का झालं असावं? एक शक्यता अशी, की आतडं फुटलेलं असेल तर जंतू ऑपरेशनच्या वेळीच जखमेपर्यंत पोहोचलेले असतात. ड्रेसिंग लागतं त्यानंतर.

मग उपयोग कशाचा होतो?

२०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘चीता’ चाचणीत भारतासह सात देशांतले १३,३०१ रुग्ण होते. पोट शिवण्याआधी डॉक्टरांनी हातमोजे आणि उपकरणं बदलली, एवढंच. संसर्गाचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. ऑपरेशनआधी योग्य वेळी दिलेलं अँटिबायोटिक आणि रक्तातल्या साखरेवर नियंत्रण, हेही महत्त्वाचं.

म्हणजे व्हॅक्यूम ड्रेसिंग निरुपयोगी आहे?

तसं नाही. सनराईजचा निष्कर्ष तातडीच्या ऑपरेशननंतर टाके घालून बंद केलेल्या जखमेपुरता आहे. उघड्या, मोठ्या जखमांसाठी हे तंत्र अनेक वर्षं वापरलं जातंय, तो विषय वेगळा.

नातेवाइकांनी काय करावं?

हे ड्रेसिंग सुचवलं तर ‘आमच्या पेशंटला ते कशासाठी हवंय?’ असं डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. ते लावलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका आणि लावलेलं असेल तर स्वतःहून काढू नका. घरी आल्यावर ताप, वाढती लाली किंवा दुखणं, पू, दुर्गंधी किंवा टाके उसवणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.