अंगणातील वेधशाळा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहावयास आलेला प्रवासी काठावर उभा राहून प्रथम खाली पाहतो. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खळगा जवळजवळ वाटोळा आहे. त्याच्या उतारावर झाडी व जुनी देवळे असून तळाशी खारट पाण्याचे सरोवर आहे. लवणासुर नावाच्या दैत्याचा विष्णूने येथे वध केला, अशी कथा लोक सांगतात. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे हा खळगा कसा झाला, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी म्हणत, हे जुन्या ज्वालामुखीचे तोंड असावे. अखेरीस येथील खडकांची कसून परीक्षा झाली. केवळ प्रचंड आघातानेच तयार होणारे काचेसारखे द्रव्य त्यांत आढळले, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उलगडा झाला. आकाशातून वेगाने आलेली एक अशनी येथील काळ्या कातळावर आदळली व त्या आघाताने हा खळगा पडला होता.

ज्या भूमीवर आकाश असे स्वतः होऊन उतरले, तेथील मुलांना आकाशाची ओळख नसावी, हे शोभणारे नाही. शिवाय आकाश पाहण्यास जी पहिली वस्तू लागते, ती विकत मिळत नाही. ती वस्तू म्हणजे अंधार. मोठ्या शहरात रात्रभर दिवे जळतात व त्यांच्या उजेडात तारे बुडून जातात. बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत मात्र, वस्तीपासून थोडे दूर गेले असता, अमावास्येच्या रात्री आकाशगंगेचा फिकट पट्टा अजून दिसतो. ही संपत्ती ज्याच्या घराशी आहे, त्याने अंगणातच एक लहानशी वेधशाळा उभारावी, हे अशक्य नाही.

वेध घेणे म्हणजे नुसते पाहणे नव्हे. नेमके पाहणे, मोजणे व त्याची नोंद ठेवणे. जेथे हे काम नित्य चालते ती वेधशाळा. अठराव्या शतकात राजा सवाई जयसिंहाने जयपूर, दिल्ली, उज्जैन इत्यादी नगरांत चुना-दगडांची भव्य यंत्रे बांधली. पुण्यास १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा निघाली. कावसजी नायगमवाला हे तिचे प्रमुख होते, व वीस इंची आरशाची मोठी दुर्बीण तेथे होती. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली व तिची यंत्रे कोडाईकनालला गेली. ही कामे राजेरजवाड्यांच्या आश्रयाने झाली. परंतु पुढे सामान्य नागरिकांनीही हे काम हाती घेतले. आकाशाची आवड असलेल्या मंडळींनी २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली. हौशी आकाशनिरीक्षकांची भारतातील ही सर्वांत जुनी संस्था होय.

अंगणात वेधशाळा उभारताना प्रथम जागा निवडावी लागते. जागा अशी हवी की जेथून आकाशाचा मोठा भाग मोकळा दिसेल आणि रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येणार नाही. दक्षिणेची बाजू विशेष मोकळी असावी. अगस्त्याचा तेजस्वी तारा बुलढाण्याहून दक्षिण क्षितिजाच्या वर जेमतेम सतरा अंश चढतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास तो तेथे असतो. त्या बाजूस एखादे आंब्याचे झाड असेल, तर अगस्त्य त्याच्याआडून येईल व त्याच्याआडूनच मावळेल. घराची गच्ची सोयीची वाटते खरी. परंतु दिवसभर तापलेला तिचा पृष्ठभाग रात्री ऊब सोडत राहतो. त्या उबेने हवा हलते व ताऱ्याचे बिंब थरथरते. म्हणून शक्य तेथवर मातीची जमीनच बरी.

जागा ठरली की दिशा अचूक ठरवावयाच्या. त्यासाठी होकायंत्राची गरज नाही. प्राचीन शुल्बसूत्रांच्या काळापासून चालत आलेली रीत आजही तितकीच उपयोगी आहे. सपाट जमिनीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. तिला शंकू म्हणतात. शंकूभोवती दोरीने एक वर्तुळ काढावे. सकाळी सावली लांब असते. ती आखडत येते व तिचे टोक एका क्षणी वर्तुळास पश्चिमेकडे स्पर्श करते. तेथे खूण करावी. दुपारनंतर सावली पुन्हा वाढते व तिचे टोक पूर्वेकडे वर्तुळाबाहेर पडते. तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होय. तिला काटकोनात काढलेली रेषा दक्षिणोत्तर होय.

हा शंकू आणखीही काही शिकवतो. सावली सर्वांत आखूड होते ती घड्याळात बारा वाजता नव्हे, तर बुलढाण्यास सरासरीने सुमारे पंचवीस मिनिटे उशिरा. याचे कारण असे की, आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेने चालतात, व बुलढाणा त्या रेषेच्या सव्वासहा अंश पश्चिमेस आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात एके दिवशी तर भर दुपारी शंकूची सावली दिसेनाशी होते, कारण सूर्य अगदी डोक्यावर येतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातही तसेच घडते. मात्र तेव्हा बहुधा ढग असतात.

यानंतर दुर्बिणीसाठी खांब बांधावयाचा. या कामी येथील मातीचा स्वभाव जाणला पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी काळी कसदार माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात सुकून तिला भेगा पडतात. अशा मातीवर उभा केलेला खांब वर्षभरात कलतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डा खणून तेथून पाया भरावा. खांबाभोवती फरशी केली, तर ती खांबास टेकू देऊ नये. मध्ये बोटभर फट ठेवावी. कारण फरशीवर कोणी चालला की तिचा कंप खांबातून दुर्बिणीत जातो, आणि डोळ्यास जो तारा नाचताना दिसतो तो खरे पाहता आपल्याच पावलांनी नाचत असतो.

खांबावर दुर्बीण कशी बसवावी, हे ध्रुवतारा सांगतो. पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरते, त्यामुळे सर्व तारे ध्रुवाभोवती फिरताना दिसतात. दुर्बिणीच्या बैठकीचा मुख्य आस ध्रुवाच्या दिशेस रोखून ठेवला, म्हणजे तो पृथ्वीच्या आसास समांतर होतो. मग तो एकच आस हळूहळू फिरवत गेले, की तारा दृष्टीतून निसटत नाही. ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसतो? ज्या गावाचा जो अक्षांश, तितकीच ध्रुवाची उंची. बुलढाणा सुमारे साडेवीस अंशांवर आहे, म्हणून तेथे आसाचा कल साडेवीस अंश ठेवावयाचा. लंडनसाठी केलेली बैठक येथे चालणार नाही. तेथे ध्रुव साडेएक्कावन्न अंश उंच असतो.

दुर्बिणीचे काम दोन प्रकारचे असते. ती वस्तू मोठी करून दाखवते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु प्रकाश गोळा करणे हे तिचे अधिक महत्त्वाचे काम होय. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर रुंद होते. सहा इंच, म्हणजे सुमारे दीडशे मिलिमीटर व्यासाचा अंतर्वक्र आरसा त्याहून सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. अशा दुर्बिणीतून शनीची कडी, मृग नक्षत्रातील तेजोमेघ व गुरूचे चार मोठे चंद्र उत्तम दिसतात. हे चंद्र गॅलिलिओने १६१० साली याहून पुष्कळ लहान दुर्बिणीतून पाहिले होते. काचेच्या दोन जाड तबकड्यांमध्ये घर्षणाची पूड व पाणी घालून एक दुसरीवर घासत राहिल्यास वरची तबकडी हळूहळू खोलगट होते. या रीतीने कित्येक हौशी लोकांनी दुर्बिणीचा आरसा स्वतःच्या हातांनी घडवला आहे. या कामास पैशापेक्षा धीर अधिक लागतो.

दुर्बिणीस निवारा हवा. फिरता घुमट खर्चाचा असतो. अंगणात सरकते छप्पर पुरते. चार भिंती छातीइतक्या उंच बांधाव्या, वर पत्र्याचे हलके छप्पर चाकांवर बसवावे, आणि ती चाके लोखंडी पट्ट्यांवरून बाजूस सरकतील अशी योजना करावी. छप्पर उत्तरेस सरकवू नये, नाहीतर बुटका ध्रुव झाकला जाईल. ज्या बाजूस गावाचा उजेड असेल, त्या बाजूस ते सरकवावे. म्हणजे आडोशाचेही काम होते. पत्रा दिवसा फार तापतो. म्हणून वेध घेण्यापूर्वी तासभर आधी छप्पर उघडावे. आतली व बाहेरची हवा सारखी झाली, म्हणजे बिंब स्थिर दिसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल असते व काचेवर बुरशी धरते. त्या काळात काचा व आरसे काढून कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावे.

येथे एक नियम कधीही मोडू नये. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नये. जो आरसा मंद ताऱ्याचा प्रकाश एकवटतो, तोच सूर्याची उष्णताही एकवटतो, आणि एका क्षणात डोळा कायमचा जातो. दिवसा दुर्बिणीचे तोंड झाकून ठेवावे व वेधशाळेस कुलूप घालावे.

खांब झाला, दुर्बीण आली, छप्पर बसले. तरी वेधशाळा पुरी झाली असे नाही. तिचा सर्वांत मोलाचा भाग अजून राहिला आहे, व तो सर्वांत स्वस्त आहे. तो म्हणजे नोंदवही. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि जे दिसले ते तिच्यात त्याच रात्री लिहावयाचे. जे दिसावे असे वाटत होते ते लिहू नये. ढगांमुळे काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. ययाती तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे. त्याचे तेज दर दोन दिवस एकवीस तासांच्या सुमारास घटून जवळजवळ एक तृतीयांश होते व काही तासांनी पूर्ववत होते. हा बदल नुसत्या डोळ्यांनी कळतो. ज्याच्याजवळ दुर्बीण नाही, त्याने शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून अल्गोलच्या तेजाची नोंद ठेवली, तर त्याचे अंगणही वेधशाळाच झाले.

अशा नोंदींचे मोल किती, हे एका बंगाली गृहस्थाच्या चरित्रावरून समजते. राधागोविंद चंद्र हे जेसोरजवळच्या बागचर गावचे. ते गाव आज बांगलादेशात आहे. मॅट्रिकची परीक्षा तीनदा देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत. सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची साधी नोकरी त्यांनी केली. १९१० साली हॅलेचा धूमकेतू पाहून त्यांना आकाशाचा छंद लागला, व १९१२ साली त्यांनी तीन इंची लहान दुर्बीण घेतली. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचे वेध ते घराशीच घेत व अमेरिकेतील अशा निरीक्षकांच्या संस्थेकडे पाठवीत. ते काम पाहून त्या संस्थेने १९२६ साली त्यांच्याकडे सहा इंची दुर्बीण पाठवली. १९५४ सालापर्यंत त्यांनी सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या होत्या. वृद्धपणी त्यांनी ती दुर्बीण परत केली. पुढे ती वेणू बाप्पू या थोर भारतीय शास्त्रज्ञांच्या हाती गेली. दुर्बीण ही आपली मालमत्ता नसून आकाश पाहणाऱ्यांची ठेव आहे, असेच जणू त्यांनी मानले होते.

अंधार हीदेखील अशीच एक ठेव आहे. गावोगाव दिवे आले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्यामुळे रात्रीची वाट सुरक्षित झाली व अभ्यास सुकर झाला. परंतु दिव्याचा उजेड जमिनीवर पडावा, आकाशात वाया जाऊ नये. दिव्यावर साधे टोपण बसवले, तर रस्ता अधिक उजळतो व वरचे तारेही राहतात. ज्या घरी वेधशाळा आहे, तेथील मुलांनी शेजाऱ्यांस एकदा शनीची कडी दाखवावी. ज्याने ती पाहिली, तो आपल्या ओसरीवरचा दिवा आनंदाने मालवील.

लोणारच्या काठावर उभा असलेला प्रवासी सूर्यास्त झाला की परत फिरतो. त्याने आणखी तासभर थांबून मान वर केली, तर त्या खळग्याचे मूळ ठिकाण त्यास दिसेल. ते पाहणारा डोळा, लिहिणारा हात आणि जपून ठेवलेला अंधार, एवढ्या तीन वस्तूंवर अंगणातील वेधशाळा उभी राहते.