क्रूस, कुंकू आणि फौजेची वर्दी

चेन्नईच्या तांबरम भागातील मद्रास ख्रिश्चन कॉलेजात मुकुंद वरदराजन आणि इंदू रेबेका वर्गीस यांची ओळख झाली. तो तमिळ हिंदू, ती केरळची ख्रिश्चन. त्यात मुलाला फौजेचे वेड! घरच्यांची मने वळायला वेळ लागला. २००९ मध्ये लग्न झाले.

२५ एप्रिल २०१४ रोजी काश्मिरात शोपियान जिल्ह्यात अतिरेक्यांशी लढताना मेजर मुकुंद यांना वीरमरण आले. मागे तीन वर्षांची लेक. लोकांनी आपले दुःख नव्हे, मुकुंद कसे होते ते पाहावे, असे इंदू यांचे म्हणणे. २६ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्यांनी पतीचे अशोकचक्र स्वीकारले.

२०२४ मध्ये 'अमरन' चित्रपट आला आणि त्यात मुकुंद यांची जात का दाखवली नाही, असा वाद काहींनी काढला. शहिदाचीही जात विचारणारे असतातच! दिग्दर्शक राजकुमार पेरियासामी यांनी खुलासा केला की, मुकुंद स्वतःला भारतीयच म्हणवत. तीच ओळख राहावी, ही आईवडिलांची इच्छा. ख्रिश्चन पत्नीची मागणी मात्र एकच होती: मुकुंद साकारणारा नट तमिळ मातीतला हवा.