चांद्याच्या बाजारातील स्वस्त जेवण आणि आपला आहारनियम

चंद्रपूर हे एका भाषेचे वा एका चवीचे शहर नाही. गोंड राजांच्या परकोटाच्या आत जुनी पेठ वसली. पुढे कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंट उद्योग यांच्या निमित्ताने तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी आणि बंगाली भाषक कुटुंबे येथे स्थिरावली. मारवाडी व गुजराती व्यापारी तर पिढ्यान्‌पिढ्या येथे आहेत. या मिश्रणाची पहिली ओळख पटते ती रस्त्याकडेच्या हातगाडीवर. सकाळी तर्री-पोहे, शेजारी इडली-डोसा, दुपारी खानावळीतील थाळी, संध्याकाळी समोसा आणि आलूबोंडा. थोड्या पैशांत पोट भरावे अशी ही सोय आहे; परंतु श्रावकाला ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

तर्रीचा रस्सा कांदा-लसणावाचून होत नाही. पोह्यांतही कांदा-बटाटा असतो. सांबारात कांदा असतोच. आणि रात्रभर आंबवलेल्या पिठाविषयी ज्यांचा नियम आहे, त्यांच्यासाठी इडलीही वर्ज्य ठरते. समोसा व बोंडा यांचे तर सारण बटाट्याचेच. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो; तो कंदमुळांविषयी काही सांगत नाही. म्हणून गाडीवाल्याला ‘जैन आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘कांदा, लसूण, बटाटा कशाकशात आहे?’ असे स्पष्ट विचारावे. पहिल्या प्रश्नाला ग्राहक राखण्यासाठी होकार मिळू शकतो; दुसऱ्याला बहुधा खरे उत्तर मिळते.

खरी अडचण मात्र पदार्थांची नसून वेळेची आहे. डिसेंबरमध्ये चंद्रपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारच्या थाळीची वेळ तीनपर्यंत संपते आणि रात्रीच्या चुली दिवेलागणीनंतर पेटतात. चौविहार पाळणाऱ्याला ज्या वेळी जेवायचे असते, नेमक्या त्याच वेळी खानावळ बंद आणि तळणाची गाडी तेवढी चालू. जून महिन्यात सूर्यास्त सातच्या जवळ जातो, तेव्हा थोडी सवड मिळते. पण लग्नसराईच्या हिवाळी दिवसांत, जेव्हा खरेदीसाठी बाहेरगावचे व्यापारी येतात, तेव्हाच ही कुचंबणा सर्वाधिक असते. जवळच्या भद्रावतीस स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथ तीर्थाच्या भोजनशाळेचा आधार आहे; तथापि दुकान सोडून रोज तेथे जाणे कोणास शक्य आहे?

गडचिरोलीकडे गेल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा आठवडी बाजारांवर चालतो. सिरोंच्यात तेलुगू वळणाचे जेवण मिळते, तर चामोर्शी व मुलचेरा भागांतील बंगाली वस्त्यांत मासळी-भाताचे. भात सर्वत्र विपुल आहे. मात्र निराळ्या भांड्यांत रांधलेले शाकाहारी अन्न मिळेलच, याची खात्री नसते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी खाकरा, फुटाणे, मुरमुरे आणि शेंगदाणे यांची दोन दिवसांची शिदोरी जवळ असणे हाच शहाणपणा. चातुर्मासात नियम अधिक कडक असतात आणि रस्ते अधिक बेभरवशाचे, हे तरुणांनी ध्यानी ठेवावे.

स्वस्त भोजनाचा विचार करताना एक उदाहरण डोळ्यांपुढे येते. राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू केली : दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात, अवघ्या दहा रुपयांत. उरलेला खर्च शासन अनुदानातून केंद्रचालकाला देते. थाळी दुपारीच मिळते आणि भाजी आपल्या नियमांची नसेलही. पण मर्यादित पदार्थ, ठरलेली वेळ, थोडे दर आणि सर्वांना खुले दार ही तिची घडण अनुकरणीय आहे.

तीच घडण आपल्या पेठेत उतरवता येणार नाही काय? पाच-सात कुटुंबांनी एकत्र येऊन हिवाळ्यात साडेचार ते सव्वापाच एवढाच वेळ एक स्वयंपाकघर चालवावे. पोळी, वरण, भात आणि एक फळभाजी; कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य. बाहेरगावचा व्यापारी, वसतिगृहातील विद्यार्थी, एकटी राहणारी वृद्ध मंडळी यांची सोय होईल. दार मात्र केवळ साधर्मिकांपुरते उघडू नये. आपल्या गोदामात पोती उतरवणारा हमाल सकाळचे पोहे आणि चहा यांवर दिवस काढतो. त्याच्यापुढेही तेच ताट, त्याच दरात यावे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत आहारदान प्रथम उच्चारले जाते. ते पर्युषणातील एका दिवसापुरते न राहता पेठेच्या रोजच्या हिशेबात एक खाते म्हणून मांडले गेले, तर नियम पाळणाऱ्याची सोय होईल आणि शेजाऱ्याचे पोटही भरेल.