वाळूवर उभा असलेला देश

युरोपचा नकाशा समोर घेतला, तर जर्मनीच्या उत्तरेस समुद्रात शिरलेले एक द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेस बेटांचा पुंजका आपल्याला दिसेल. हाच डेन्मार्क होय. द्वीपकल्पाचे नाव जटलंड. बेटांत झीलंड व फ्यून ही मोठी. चारशेहून अधिक बेटांच्या या देशाचा किनारा ७,००० किलोमीटरांहून लांब आहे आणि तेथील कोणतेही गाव समुद्रापासून फार दूर नाही.

या देशात पर्वत नाहीत. सर्वांत उंच टेकडीही १७१ मीटरांच्या आतच आहे. हिमयुगातील बर्फाने आणून टाकलेली माती, वाळू व गोटे यांचीच ही भूमी बनली आहे. पूर्वेकडील बॉर्नहोम बेट सोडल्यास कठीण खडक क्वचितच आढळतो. त्यामुळे समुद्राला येथे अडविणार कोण?

फेब्रुवारी १८२५ मधील वादळात पश्चिमेच्या समुद्राने वाळूचा बांध फोडला आणि जटलंडचे उत्तर टोक बेट होऊन बसले. आतील लिमफ्योर्डचे गोडे पाणी खारट झाले, गोड्या पाण्यातील मासे मेले आणि त्यांवर पोट भरणारे कोळी हवालदिल झाले. पुढे त्याच पाण्यात कालवे वाढू लागली.

समुद्राइतकीच वाळूही निर्दय ठरली. टेकड्यांवरील गवत व झुडपे माणसांनी तोडली, गुरांनी खाल्ली. मग वारा वाळू घेऊन शेतांवर धावला. उत्तर टोकाच्या स्कागेन गावी संत लॉरेन्सचे जुने ख्रिस्तमंदिर होते. भाविकांना वाळू उकरून दारापर्यंत वाट करावी लागे. अखेर १७९५ मध्ये ते बंद झाले.

तथापि लोक हताश झाले नाहीत. १७९२ मध्ये सरकारने वाळू रोखण्याचा कायदा केला. लोकांनी चिवट मुळांचे गवत व पुढे झाडे लावून वाळू जागच्या जागी बांधली. रॉब्येर्ग येथील एक वाळूचा डोंगर मात्र मुद्दाम मोकळा ठेवला आहे. तो अजूनही दरवर्षी काही मीटर पुढे सरकतो. जणू पूर्वजांची चूक मुलाबाळांच्या डोळ्यांसमोर राहावी!

बेटेही आता एकाकी राहिली नाहीत. १९९८ मध्ये फ्यून व झीलंड यांना जोडणारा मोटारींचा मार्ग खुला झाला, तर २००० मध्ये स्वीडनपर्यंत पूल पोहोचला.

स्कागेनच्या त्या मंदिराचा पांढरा मनोरा आजही वाळूत उभा आहे. मंदिर पाडले, तरी खलाशांना किनारा ओळखता यावा म्हणून मनोरा तेवढा राखला होता. ज्या भूमीवर आपण राहतो, तिचे गवताचे पातेही क्षुल्लक नसते, हेच तो आम्हांला सांगतो.