काम लागण्यापूर्वी गाव सोडणे

जुन्नर तालुक्याच्या पूर्वभागात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव आहे. येथील नदीकाठच्या दरडींत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडल्यामुळे भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांत ह्या गावाचे नाव झाले. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असावी असे पुष्कळ विद्वान मानतात. तिच्या वयाविषयी मात्र त्यांच्यांत अद्याप एकमत नाही. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. इतक्या दुरून येथे काही येऊन पडले ही गोष्ट अपूर्व खरी, पण येथून उठून दूर जाणे हे ह्या मुलखास मुळीच अपूर्व नाही. जवळच आळेफाट्यावर पुण्याहून नाशिकास जाणारा आणि कल्याणहून अहिल्यानगरास जाणारा असे दोन रस्ते मिळतात. तेथे पिशवी घेऊन उभा राहिलेला तरुण कोठे निघाला असे विचारले, तर गावाचे नाव तो चटकन सांगतो. काम कोणते, ह्याचे उत्तर त्याजपाशी बहुधा नसते.

पूर्वी हे गाव म्हणजे मुंबई. आता ते पुणे असते, हैदराबाद असते, कित्येकदा थेट बंगळूर असते. आधी चाकरीचा कागद हाती यावा आणि मगच घर सोडावे, हा शहाणपणाचा क्रम म्हणून घरातील वडील माणसे सांगतात. तरुण तो मानीत नाहीत, आणि आमच्या मते त्यांचे सर्वस्वी चुकते असे नाही. कारण काम देण्याची रीतच अशी आहे की जो दारात उभा आहे त्यास ते आधी मिळते. बंगळुरातील मालकास सोमवारी माणूस हवा असेल, तर तो तेथेच राहणाऱ्यास बोलावतो. बोरीहून निघून दोन दिवसांनी पोहोचणाऱ्याची वाट तो पाहत बसत नाही.

ही रीत आजची नव्हे. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडाच्या पहिल्या गिरणीची उभारणी केली व १८५६ साली ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तसे घाटावरचे व कोकणातले लोक तेथे लोटले. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला, परंतु जुन्नर तालुक्याच्या वाट्यास रेल्वे तेव्हाही आली नाही व आजही आलेली नाही. नाणेघाट उतरून मुरबाडवरून कल्याण गाठणे ही येथली जुनी वाट. मुंबईस पोहोचलेल्या माणसास गिरणीत थेट नेमणूक मिळत नसे. पहाटे दरवाजाशी जाऊन उभे राहावे, त्या दिवशी जे कामगार गैरहजर असतील त्यांच्या जागी जॉबराने बोलाविले तर आत जावे, नाही तर परत फिरावे. ह्यास बदली म्हणत. जॉबराची मनमानी व लाच ह्यांस आळा बसावा म्हणून १९३५ साली बदली कामगारांस कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. तरी दारात उभे राहणे चुकले नाही. बदलीवाला राहून कायम होईपर्यंत कित्येकांची वर्षे गेली.

तर मग प्रश्न असा की ही दारातली माणसे खात काय होती? कामाआधी गाव सोडणे ह्यास लोक धाडस म्हणतात. आम्हांस तो शब्द अपुरा वाटतो. मराठी फौजेत शिलेदार व बारगीर असे दोन वर्ग असत, हे वाचकांस ठाऊक आहेच. बारगिरास घोडा सरकारचा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरी शोधावयास निघे. दोघेही शूर असतील, पण मुशाहिऱ्याची घासाघीस शिलेदारच करू शके, कारण चाकरी नको म्हणून पुढच्या छावणीकडे वळण्यास त्याजपाशी घोडा होता. कामाआधी निघणाऱ्या तरुणाचा घोडा म्हणजे त्याची शिदोरी. ती जितके दिवस पुरते तितके दिवस तो मिळेल त्या कामास नाही म्हणू शकतो. ती संपली की पहिला जो कोणी जे देईल ते त्यास घ्यावे लागते.

गिरणगावात गेलेल्याची शिदोरी तीन ठिकाणांहून येत असे. एक, गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी तसेच पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील माणसांच्या अशा खोल्या परळ-लालबागच्या चाळींत होत्या. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागेत अंग टाकीत. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी व एक वळकटी. नवा मुलगा आला की त्यास काम लागेपर्यंत भाड्याचा वाटा बहुधा कोणी मागत नसे.

दुसरे ठिकाण खाणावळीचे, आणि ह्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. गिरणगावातील खाणावळी पुष्कळशा बायकांनी आपल्या राहत्या खोलीतच चालविलेल्या असत. जेवण रोज घालावयाचे आणि पैसे महिन्याने, पगार झाला म्हणजे. मधल्या काळात धान्य व रॉकेल आणण्यास ह्या बायका सावकाराकडून जबर व्याजाने पैसे काढीत. म्हणजे बोरीच्या किंवा ओतूरच्या मुलाने काम नसताना खाल्लेल्या भाकरीचे व्याज परळातील एखादी बाई भरीत होती. श्रीमती प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून अशा बायकांस बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे हा हिशेब लोकांच्या नजरेस आला. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संपांची वर्णने भरपूर येतात. ह्या उधारीच्या वहीस त्यांत जागा थोडी मिळते.

तिसरे ठिकाण अर्थात घरची जमीन. बाजरीचे पोते गावाहून येई, आणि काम सुटले तर माणूसच गावी येई. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला. त्या सहा महिन्यांत हजारो कामगार गावी जाऊन राहिले. पेरणी-कापणी केली व संप टिकला. १९३१ साली मजूरविषयक शाही कमिशनने आपल्या अहवालात कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो उपकारक आहे, असे मत दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हाही लोक प्रथम गावाकडेच वळले. फरक एवढाच की ह्या वेळी पुष्कळांस परत जावयास गिरणीच उरली नाही. आणि ही जमीन एवढी वर्षे कसली कोणी? घरी राहिलेल्या भावाने व बायकोने. मुंबईकराच्या मनीऑर्डरीची आठवण गावात निघते. ती येण्यापूर्वीचे महिने कोणी काढले ह्याची निघत नाही.

देशभर पांगलेल्या मराठी माणसांत सांगली जिल्ह्यातील खानापूर व आटपाडी तालुक्यांतील गलाई व्यावसायिकांचे उदाहरण वेगळे आहे. जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा हा धंदा. ह्या दुष्काळी टापूतील माणसे दिल्लीपासून केरळापर्यंत सराफी पेठांत दुकाने घालून बसली आहेत. तेथे जाणारा मुलगाही बिनकामाचाच निघतो. पण तो नातलगाच्या दुकानी उतरतो, तेथेच जेवतो व भट्टीपाशी बसून धंदा शिकतो. परमुलूख, परभाषा, तरी पहिली रात्र आपल्या माणसांत. हजार कोसांवरचे हे स्थलांतर आम्हांस आळेफाट्याहून बंगळुरास निघालेल्या एकट्या मुलाच्या प्रवासापेक्षा कमी धोक्याचे वाटते.

कारण ह्या मुलाची शिदोरी आता फार आटली आहे. गावची खोली गेली. तिच्या जागी अकरा महिन्यांचा भाडेकरार व काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आली. उधारीवर जेवू घालणारी खाणावळ क्वचित. आणि जमीन? कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टरांवर आले. आजोबांच्या पाठीशी जेवढे रान होते त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आज नातवाच्या पाठीशी आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने आमच्या भागात ऊस, द्राक्षे, टोमॅटो आली हे खरे, व बागाईत एकरास जिराईत एकराने मोजू नये हेही खरे. परंतु बागाईत पिकास भांडवलही रोख लागते. जिरायती बाजरीतून एक माणूस बाजूला काढता येत असे. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत घरची रोकड बाजूला काढता येत नाही.

म्हणून ज्या सभासदांच्या घरी असा बेत चालू असेल त्यांनी मुलास अडवीत न बसता त्याचा हिशेब एखाद्या पिकाच्या हिशेबासारखा मांडावा. धान्याची चिंता करू नये. प्रौढ माणसास महिन्यास बारा ते पंधरा किलो धान्य पुरते. सहा महिन्यांचे ते एका क्विंटलाच्या आतच बसते. खरा खर्च छपराचा. तेव्हा सहा महिन्यांचे भाडे व अनामत एवढी रक्कम हाती असल्याखेरीज निघू नये, आणि ती रक्कम मृगाच्या तोंडी, म्हणजे बियाणे व खत घेण्याच्या वेळी, काढू नये. उन्हाळी कांदा चाळीत पडला आहे, तो विकला की मुलास पाठवू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कांद्याच्या भावावर ज्याने कोणताही बेत बांधला, त्यास आम्ही काय सांगावे! निम्मा कांदा काढणीबरोबर विकून तो पैसा मुलाच्या नावे वेगळा ठेवावा. राहिलेल्या निम्म्यावर हवी तर आशा ठेवावी. जमीन गहाण टाकून तर मुळीच पाठवू नये. काम न लागल्यास परत येण्याची जागाच त्याने गहाण पडते.

मुदत ठरवावी, सहा महिने म्हणजे सहा महिने. मुदत संपली म्हणजे परतणे ही नामुष्की नव्हे, हे निघतानाच चार माणसांत बोलून ठेवावे, म्हणजे पोरगा तिकडे खोटे सांगत दिवस काढीत नाही. जवळचा पर्यायही आधी पाहावा: पुणे-नाशिक रस्त्यावरच चाकणचे कारखाने आहेत, आणि तेथील काम गोड नसले तरी शनिवारी घरी येता येते.

आणखी एक गोष्ट, जी घरोघरी अवघड म्हणून टाळली जाते. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे असतात. एक भाऊ शहरात काम शोधीत असतो, दुसरा रात्रीच्या विजेवर पाणी भरीत असतो, आणि पहिल्याचा खर्च सामाईक उत्पन्नातून जातो. त्या वेळी कोणी काही बोलत नाही. दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी मात्र सगळे निघते. शहरातल्यास वाटते, भावाने इतकी वर्षे माझे रान खाल्ले. गावातल्यास वाटते, ह्याच्या फ्लॅटची पहिली वीट माझ्या उसाची. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. असल्या वादांतून भावाभावांचे अबोले पडतात आणि बांध उकरले जातात. निघताना किती दिले, नंतर दरमहा किती पाठविले, ते एका वहीत लिहून त्याखाली दोघांच्या सह्या असाव्यात. वही अविश्वासाची खूण आहे असे मानणाऱ्यांनी आपल्या सोसायटीचे कर्जखाते आठवावे.

हा सारा विचार आम्ही पाठविणाऱ्याच्या बाजूने केला. पण आमचे बहुतेक सभासद काम देणारेही आहेत. डोंगरभागातील भाताची कापणी आटोपली की पश्चिमेकडील आदिवासी गावांतून, अकोल्याकडून, ठाणे व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यांतून मजुरांची कुटुंबे नारायणगावी येतात. कोणाकडे काम आहे हे त्यांस ठाऊक नसते. ती उघड्यावर मुक्काम करतात आणि सकाळी मजुरांच्या बाजारात उभी राहतात. बदलीवाला गिरणीच्या दारात उभा राहत असे तसेच हे. फक्त येथे दार आमचे आहे. त्यांची शिदोरी म्हणजे गाठोड्यातला तांदूळ. पहिल्या दिवशी ती मजुरीचा दर सांगतात, आणि तांदूळ सरत आला की बागाइतदार सांगेल तो दर घेतात. बोरीचा बागाइतदार हा भाव करीत असतो, त्या घटकेस कदाचित त्याचा मुलगा बंगळुरात अनामतीचे पैसे संपत आले म्हणून ठरलेल्यापेक्षा कमी पगारास हो म्हणत असेल.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा देशभरातील मजूर पायी घराकडे निघाले, आणि मुंबई-पुण्यातील आमचीही माणसे गावाकडे परतली. ज्यांची भाकर त्या दिवशीच्या कामावर होती त्यांस शहरात एक आठवडाही काढता येईना, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले. नारायणगावच्या बाजारात येणाऱ्यांची स्थिती दर हंगामात तशीच असते. त्यांच्यासाठी प्रत्येक बागाईत गावाने एक पत्र्याची शेड, पाण्याचा नळ, बायकांसाठी आडोशाचे न्हाणीघर व दोन संडास एवढी सोय केली, तर काम ठरेपर्यंतचे दिवस त्यांस उघड्यावर काढावे लागणार नाहीत. बोरीसारख्या गावास ग्रामपंचायत व सोसायटी मिळून हा खर्च पेलवेल असे आम्हांस वाटते. शेड मजुरांच्या बाजारापासून दूर रानात नको. पहाटे मुले निजलेली असता आईबापांस तेथून चालत बाजारात जाऊन परत येता आले पाहिजे. आणि कोणा एका बागाइतदाराच्या जागेत तर ती मुळीच नको, नाही तर छप्पर त्याचे म्हणून दरही त्याचाच होईल.