आखूड एरियल आणि जमिनीचा वाटा

आकाशवाणीच्या नाशिक केंद्राचे 101.4 मेगाहर्ट्झवरील प्रक्षेपण जेमतेम 3 मीटर लांबीच्या लहरींवर चालत असल्यामुळे तेथे जमिनीच्या गुणदोषांचा विचार फारसा करावा लागत नाही; परंतु याच शहरातला जो हौशी रेडिओचालक 7.1 मेगाहर्ट्झवर, म्हणजे 42 मीटरांच्या लहरींवर, दूरच्या प्रांतांशी संभाषण करू पाहतो, त्याला साडेदहा मीटरांचा चतुर्थांश-लहरी स्तंभ जागेअभावी परवडत नाही, आणि 5 मीटरांच्या नळीला तळाशी तारेची गुंडाळी जोडून निभावून न्यावे लागते.

चतुर्थांश स्तंभाचा प्रारण-रोध, म्हणजे ज्यात खर्ची पडलेली शक्ती खरोखर आकाशात जाते तो रोध, उत्तम जमिनीवर सुमारे 36 ओहम असतो. उंची निम्मी केली की तो निम्मा न होता सुमारे 6 ओहमांवर उतरतो. स्तंभात चढणाऱ्या प्रवाहाचा परतीचा मार्ग जमिनीतूनच असल्याने मातीचा आणि गुंडाळीचा रोध त्यात मिळतो. तो 44 ओहम धरला तर बेरीज बरोबर 50 होते, केबलशी मेळ जमतो, हा मेळ दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा काटा 1 वर येतो, आणि चालक निर्धास्त होतो. वास्तविक 100 वॉटांपैकी 88 वॉट माती आणि तांबे तापविण्यात गेलेले असतात.

अर्थिंगची सळई येथे कामास येत नाही, कारण हा प्रवाह खोल न जाता पृष्ठभागालगतच्या थरातून, स्तंभाच्या सभोवार पसरून परततो. त्यासाठी तळापासून चोहोबाजूंस तारा अंथराव्या लागतात. ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या अमेरिकन अभियंत्यांनी 1937 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा 113 तारांपर्यंत मजल मारली होती. घरगुती अंगणात मोजक्या लांब तारांपेक्षा पुष्कळ आखूड तारा अधिक हितकर, कारण मातीतला प्रवाह तळाजवळच दाटलेला असतो.

तारा अंथरल्यावर मातीचा व गुंडाळीचा मिळून रोध 10 ओहमांवर आला, तर बेरीज 16 होऊन काटा 3 च्या वर चढतो, आणि पुष्कळजण घाबरून तारा उचलतात. आकाशात मात्र 12 ऐवजी 37 वॉट जात असतात. हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नाशिकची काळी जमीन वैशाखात भेगाळते आणि आषाढात चिंब होते, तेव्हा तळाशी मोजलेला रोध ऋतूगणिक बदलणारच. पावसाळ्यात काटा बिघडला म्हणून एरियलला दोष देऊ नये, तळाशी समांतर गुंडाळी जोडून मेळ पुन्हा साधावा.